किनारी फुफ्फुसाचे डॉक्टर

डॉ. त्र्यंबक लोंढे वारले तेव्हा मुंबईच्या एका वर्तमानपत्राने त्यांच्यावर अर्धा रकाना छापला. श्वसनविकारांवरच्या त्यांच्या संशोधनाचा परिणाम देशोदेशी झाला, असं त्यात म्हटलं होतं. देशोदेशीचं मला ठाऊक नाही. श्रीवर्धनात काय परिणाम झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो कुणी छापणार नाही म्हणून मला हे लिहायला बसावं लागलं.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी ते जिवंत असतानाही बोलत होते, त्यामुळे माझी गोष्ट वेगळी.

पहिल्यांदा ते मला दिसले आगरदांड्याच्या धक्क्यावर. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी श्रीवर्धनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि मुरुडला बहिणीकडे चार दिवस राहून परत निघाले होते. आगरदांड्याहून होडीने खाडी ओलांडायची, दिघीला उतरायचं आणि पुढे एस.टी., असा आमचा रस्ता. दिवाळी होऊन गेली होती, ऊन चांगलंच तापलं होतं, आणि धक्क्यावर एक गृहस्थ गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळून उभे. समुद्राचा वारा छातीला बाधतो म्हणून. पायाशी एक मोठी लाकडी पेटी होती आणि तिच्या जवळपास कुणी फिरकलं की ते हात आडवा करत होते.

होडीत बसायला कोरडी फळी एकच होती. बाकी तळाला टाचभर पाणी. डॉक्टरांनी ती पेटी फळीवर ठेवली आणि शेजारी आपण बसले. एक म्हातारी पाण्यात उभी राहिली, हातात बोचकं, गुडघ्यांना कापरं भरलेलं. होडीचे तांडेल हसनमियाँ म्हणाले, "डाक्टरसाब, पेटी जरा खाली घ्या. भिजली तर पुसता येल. म्हातारी पडली तर काय करू?"

डॉक्टर हसून म्हणाले, "तांडेल, म्हातारीला गंज चढत नाही. यंत्राला चढतो."

आपलं बोलणं आपल्याला आवडलं की ते मान किंचित डावीकडे कलती करायचे. ती लकब मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि पुढे बारा वर्षं पाहत आले. म्हातारीला मी आणि हसनमियाँनी मिळून टेकवलं, त्यांच्या वल्ह्यापाशी. पेटी कोरडीच्या कोरडी दिघीला पोचली.

ते का आले होते, ते सांगायला हवं. आमच्याकडे नारळ-सुपारीच्या वाड्या. जळण फुकटचं: झावळ्यांची वाळलेली चुडतं, नारळाची सोडणं, सुपारीची सालं. उन्हाळ्यात ते भडभडा पेटतं, पण पावसाळ्यात सगळं ओलं. मग सैपाकघरात धूर असा कोंडतो की समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं. गरिबाच्या घरात खिडकी एक, तिलाही पाऊस आत येऊ नये म्हणून झाप लावलेला. कौलांच्या फटींतून जाईल तेवढा धूर जायचा, उरलेला बायका खायच्या. चाळिशीच्या आत आमच्याकडच्या बायकांना खोकल्याची ढास लागे आणि लोक म्हणत, "हवा दमट, दुसरं काय."

आमच्याच गावचे, मुंबईत धंद्याला लागलेले एक शेटजी होते. त्यांची आई अशीच खोकून खोकून गेली. तिच्या नावाने गरिबांच्या चुलींवर धुराडी बांधून द्यायची असं त्यांच्या मनात आलं. चुलीच्या मागून भिंतीतून एक नळकांडं वर काढायचं आणि कौलाबाहेर न्यायचं, एवढंच काम. त्यांनी गवंडी पाठवला. त्याने घरोघर फिरून चुलीमागच्या भिंतीवर चुन्याने गोल काढले, इथून भोक पाडायचं म्हणून.

असा एक गोल पार्वतीच्या घरीही होता. पार्वती आमच्या वाडीत शिंपण्याला आणि सुपारी सोलायला यायची. बुटकी, काटक, आणि बोलायला लागली की थांबायची फक्त खोकण्यासाठी. त्या गोलाचं तिला इतकं कौतुक की सारवताना ती तेवढी जागा चुकवायची. मला विचारायची, "बाय, पावसाच्या आदी व्हईल ना वो?" मी म्हणायची, होईल. मला कुठे माहीत होतं?

मग कुणीतरी शेटजींच्या कानात भरवलं की खोकला धुरानेच होतो याला पुरावा काय? म्हणून पुरावा आणायला हे पेटीवाले डॉक्टर आले.

माझं अक्षर चांगलं, म्हणून मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. आकडे वहीत उतरवायचं काम. शिमग्यापर्यंत मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, त्यामुळे माणूस मला आतून-बाहेरून पाठ झाला. बोलता बोलता ते समोरच्याच्या छातीकडे बघून त्याचे श्वास मोजायचे, आपण आपलं सुखदुःख सांगावं आणि शेवटी त्यांनी म्हणावं, "अठरा." पाणी प्यायचे ते मुंबईहून आणलेल्या बाटल्यांतलं. आणि कुणीही काहीही सांगितलं, अगदी भरती आली असं सांगितलं, तरी विचारायचे, "पुरावा काय?" दुसरं पालुपद, "आकडा खोटं बोलत नाही, बाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या वर्गातल्या मुलींनी गणित चुकवलं तरी मला ते ऐकू यायचं.

एक मात्र खरं सांगते. माणूस लबाड नव्हता. कुणाचा नारळसुद्धा त्यांनी फुकट घेतला नाही. सकाळी सातला खुर्चीवर असायचे आणि ताप असतानाही बसायचे. लबाड असते तर बरं झालं असतं, लबाडाला निदान आपण काय करतोय ते कळतं.

ते उतरले होते आमच्याकडेच, दादाच्या ओटीवर. जेवायला पान मांडायचं तेही ओटीवरच. वहिनी एकदा म्हणाली, "घरच्यासारखे आहात, आतच बसा चुलीसमोर, गरम गरम घावन घालते." डॉक्टर उंबऱ्यापर्यंत गेले, नाकाला रुमाल लावला आणि तसेच मागे फिरले. "नको वहिनी, धुराने माझा श्वास अडकतो," म्हणाले. मग ओटीवर बसून त्यांनी आठ घावन खाल्ले. सैपाकघरात पाऊल न टाकता सैपाकघरातल्या धुरावर निबंध लिहिणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

आता ते यंत्र. पाण्याने भरलेल्या एका डब्यात दुसरा डबा उपडा घातलेला. त्याला रबराची नळी आणि नळीच्या टोकाला तोंडात धरायला लाकडी तुकडा. आपण फुंकलं की आतला डबा वर उचलला जायचा आणि त्याला जोडलेलं टाक फिरत्या कागदावर रेघ ओढायचं. एकूण वारा किती हे तर ते मोजायचेच, पण त्यांची खरी नजर पहिल्या सेकंदावर. पहिल्या सेकंदात जो धाडकन वारा सोडतो त्याची छाती निकोप, जो हळूहळू सोडतो त्याची अडलेली. मनगटावरच्या घड्याळावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्यासाठी खिशात एक वेगळं, बटणाचं घड्याळ असायचं.

शाळेच्या पडवीत बायका जमल्या. नव्या लुगड्यात आल्या होत्या, जणू हळदीकुंकू आहे. यंत्र बघून बिचकल्या. तेव्हा डॉक्टर पुढे झाले आणि म्हणाले, "बायांनो, घाबरण्यासारखं काही नाही. रोज चूल फुंकता ना? तशीच ही नळी फुंका. चूल फुंकता तशी!"

बायकांचे चेहरे उजळले. हे तर जमण्यासारखं होतं. डॉक्टर मान डावीकडे कलती करून मला म्हणाले, "बघा बाई, विज्ञान लोकांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे."

बायका एकेक करून बसल्या, नळी तोंडाला लावली आणि चूल फुंकतात तशी फुंकली. डबा सावकाश वर आला. रेघ आडवी, आळसावलेली. पार्वतीची रेघ तशी, तिच्या शेजारणीची तशी, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या कोवळ्या पोरींचीही तशीच. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, मग ती आठी गेली आणि डोळे चमकायला लागले. वेगळं काहीतरी हाती लागतंय असं वाटलं की शास्त्रज्ञाचे डोळे असे चमकतात, हे मी त्या दिवशी शिकले. त्यांनी मलाही बसवलं. मी रोज सकाळी बंदरापर्यंत भराभर चालून येणारी बाई, मला साधी सर्दी व्हायची नाही. मीही फुंकलं आणि माझीही रेघ आडवीच आली. "तुमचीही छाती मंद आहे, बाई," ते जवळजवळ आनंदाने म्हणाले, आणि माझा आकडा मी माझ्या हाताने वहीत लिहिला.

एवढ्यात देवळाचे गुरव गंमत बघायला आले. डॉक्टरांनी त्यांनाही बसवलं. गुरवांनी छाती फुगवली आणि शंखात फुंकावी तशी फुंक मारली. डबा उसळून वर गेला, पाणी डॉक्टरांच्या कोटावर आणि टाक कागदाच्या बाहेर. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

कुणीतरी म्हणालं, "पार्वते, तू बी तसंच फुक की!"

पार्वती पदर तोंडाला लावून म्हणाली, "आवो, तो शंक फुकतोय, आमी चूल फुकतोय. चूल अशी फुकली तर राक डोळ्यांत न्हाय का जायाची?"

पुन्हा हशा. सगळ्यांत मोठ्याने हसले डॉक्टर. कोट पुसता पुसता त्यांनी ते वाक्य आपल्या डायरीत टिपूनही घेतलं, गमतीदार म्हणून. पार्वतीने त्यांच्या सगळ्या संशोधनातली चूक फुकटात उचलून त्यांच्या हातावर ठेवली होती आणि त्यांनी ती विनोदाच्या पानावर लिहिली. आणि मी? मीही हसले. तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मुंबईला जाऊन त्यांनी तिथल्या बायकांची रेघ काढली. त्या स्टोव्ह आणि शेगडीवाल्या. त्यांना चूल फुंकायची सवय नाही, त्यांनी आपली फुस्सकन फुंक मारली आणि रेघ उभी आली. झालं. पुरावा पुरा झाला.

दीड-दोन वर्षांनी डॉक्टर परत आले ते छापील निबंध घेऊन. शाळेत सभा भरली. शेटजी मुंबईहून आले होते, बायका मागे भिंतीला टेकून. डॉक्टरांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक उभी, एक आडवी, आणि सगळं समजावून सांगितलं. कोवळ्या नव्या नवरीचा श्वास मंद, आणि वीस वर्षं धूर खाल्लेल्या बाईचाही तितकाच मंद. मग वीस वर्षांच्या धुराने काय बिघडवलं? काही नाही. म्हणजे दोष धुराचा नाही, मुळात किनाऱ्यावरच्या या बायकांची फुफ्फुसंच तशी. पिढ्यान्‌पिढ्या दमट हवेत राहून त्यांची घडणच मंद झाली आहे. या फुफ्फुसाला त्यांनी नाव दिलं होतं, किनारी फुफ्फुस.

शेटजींनी विचारलं, "मग धुराड्यांचं काय करायचं?"

"त्याने काही साधणार नाही," डॉक्टर म्हणाले. "या बायकांनी मोकळ्या हवेत अधिक बसावं."

म्हणून शेटजींनी आईच्या नावाने समुद्राकडच्या रस्त्यावर दगडी बाकं बसवली. अजून आहेत. त्यावर संध्याकाळी पेन्शनीतले पुरुष बसतात. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला संध्याकाळी मोकळी हवा खायला कोण सोडणार होतं, याचा पुरावा कुणी मागितला नाही.

सभेतून निघताना पार्वतीने मला विचारलं, "बाय, मग त्यो गोल पुसू का?"

मी म्हटलं, राहू दे.

पुढची काही वर्षं डॉक्टर अधूनमधून यायचे, हवापालटाला. येताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणायचे. त्यात देशोदेशीची पत्रं. तुमच्या निबंधाची प्रत पाठवा म्हणून कुठल्या कुठल्या डॉक्टरांनी लिहिलेली. तिकिटं बघून ते देश सांगायचे आणि ओटीवर रांगोळी घालावी तशी पत्रं मांडायचे. दादा भिडस्त, तो प्रत्येक पत्र हातात घेऊन वा वा करायचा. वहिनी आत खोकायची. एकदा मी विचारलं, "डॉक्टर, या सगळ्यांनी वाचून पुढे काय केलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाचा खोकला थांबला का?"

ते माझ्याकडे कीव करावी तसे बघत राहिले. "बाई, संशोधनाचा परिणाम असा मोजायचा नसतो. किती विद्वानांनी आपल्या लेखनात त्याचा आधार घेतला, त्यावरून मोजायचा." मग डब्याचं झाकण लावून म्हणाले, "चोवीस. तुमचा श्वास जलद चाललाय, चिडू नका."

चूक माझ्या लक्षात आली ती पुढच्या पावसाळ्यात. वहिनी आजारी होती आणि सैपाक माझ्याकडे. ओली सोडणं पेटत नव्हती. मी फुंकणी तोंडाला लावली आणि हळू, लांब, एकसारखी फुंकर सोडत राहिले, निखारा जागा व्हावा पण राख उडू नये अशी. सगळ्याच बायका तशी फुंकतात. पाच-सहा वर्षांच्या पोरीला फुंकणी हातात देताना आई पहिलं हेच शिकवते, आणि चुकलं तर पाठीत धपाटा घालते. फुंकता फुंकता मी थांबले. मला पडवी आठवली, नळी आठवली, "चूल फुंकता तशी" आठवलं, आणि पार्वतीचं वाक्य. मी पाटावर बसल्या बसल्या स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की वहिनीने आतून विचारलं, "कुणाशी बोलताय, वन्सं?"

त्या आमच्या छात्या नव्हत्याच मोजलेल्या. आमची सवय मोजली होती. नव्या नवरीची आणि पार्वतीची रेघ सारखी आली, कारण दोघींना आयांनी एकच शिकवलं होतं.

मी डॉक्टरांना चार पानी पत्र लिहिलं. चांगल्या अक्षरात, कुठेही आवाज न चढवता. बायकांना पुन्हा बसवा, शंख फुंकतात तशी फुंका म्हणून सांगा, मग कुणाची छाती अडली आहे ते दिसेल, असं लिहिलं. महिन्याने जाड पाकीट आलं. उघडलं तर आत त्यांच्या निबंधाची छापील प्रत. वर सही, आणि खाली, "सौ. बाईंस, शुभेच्छांसह." मी सौभाग्यवती नव्हते, लग्नच केलं नव्हतं. तेवढंही या माणसाने इतके महिने ओटीवर जेवून पाहिलं नव्हतं.

पार्वती त्यानंतर तीन पावसाळे काढू शकली. शेवटी शेवटी दवाखान्यातून येताना तिला चालवेना, म्हणून मी तिला शेटजींच्या बाकावर बसवलं. समोर समुद्र, वारा भन्नाट. ती श्वास गोळा करत होती आणि तरी बोलल्याशिवाय राहवेना. बाकावर हात फिरवत म्हणाली, "ब्येस हाय बाक. ह्यो चुलीम्होरं न्हेऊन ठेवला तर हवा येल का वो, बाय?"

श्रावणात ती गेली. माझा राग तेव्हा वाढला तो अजून उतरलेला नाही, उतरावा अशी इच्छाही नाही.

साठ साल उलटल्यावर गावाने डॉक्टरांचा सत्कार ठरवला. आपल्या किनाऱ्यावरून एका फुफ्फुसाला नाव पडलं, याचा आमच्या लोकांना अभिमान! ज्यांची फुफ्फुसं बिनकामाची ठरवली त्यांनीच हार आणले. अध्यक्ष ठरले, मंडप ठरला, आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं, कारण आकडे मीच लिहिले होते.

डॉक्टर आता केसांनी पांढरे झाले होते, मफलर तोच. एव्हाना त्यांची भाषणं मला पाठ होती. कुठेही बोलले तरी मध्यावर पार्वतीचा विनोद यायचाच. "तर ती अडाणी बाई मला म्हणते, राख डोळ्यांत नाही का जायची!" आणि टाळ्या. मुंबईत सांगितला, परदेशात सांगितला, आमच्या शाळेत दोनदा सांगितला.

सत्काराच्या दुपारी अलिबागहून एक छायाचित्रकार आला होता. त्याला डॉक्टरांचा फोटो हवा होता, ज्या घरांवर संशोधन केलं तसल्या एखाद्या घरात. जवळचं घर पार्वतीचं. आता तिथे तिची सून सुमन होती, पंचविशीची, सासूसारखीच काटक, आणि अलीकडे सासूसारखीच खोकणारी. दार बुटकं. डॉक्टर रुमाल नाकाला लावून वाकले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा श्रीवर्धनातल्या एका सैपाकघरात शिरले. मी त्यांच्या मागे. चुलीमागच्या भिंतीवर तो गोल होता, काजळीने काळा झालेला. ठाऊक असलेल्यालाच दिसावा असा.

छायाचित्रकार म्हणाला, "डॉक्टरसाहेब, फुंकणी हातात घ्या. तुम्हीच चूल फुंकताय असा मस्त येईल."

डॉक्टर खुशीत आले. रुमाल खिशात गेला. आपल्या छातीचा त्यांना भारी गर्व. आपली रेघ कागदाबाहेर जाते असं ते नेहमी सांगायचे. ते उकिडवे बसले, छाती भरून घेतली आणि फुंकणीतून धाडकन फुंक मारली.

सगळी राख वर आली. केसांत, चष्म्यावर, भुवयांत, मफलरवर. निखारा होता तो विझला. डॉक्टर खोकत मागे सरकले.

"आवो, असं न्हाय फुकत!" सुमन धावत आली. सासूचं वाक्य तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "चूल हाय ती. हळू फुकायची, लांब. न्हायतर राक उडतंय." तिने फुंकणी घेतली, एक चुडत सरकवलं आणि फुंकायला लागली. हळू, लांब, एकसारखी. दोन पोरं बाजूला बसून बघत होती. जाळ आला.

मी सुमनकडे बघत नव्हते. मी डॉक्टरांकडे बघत होते. चष्म्यावर राख तशीच ठेवून ते तिच्या गालांकडे पाहत होते, आणि त्यांचा हात आपोआप खिशात गेला. बटणाचं घड्याळ बाहेर आलं. त्यांनी बटण दाबलं. ती फुंकर संपली तेव्हा पुन्हा दाबलं. मग काट्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि घड्याळ खिशात टाकलं. इतका हुशार माणूस, त्याला कळायला एक फुंकर पुरली.

फुंकून झाल्यावर सुमनला ढास लागली. डॉक्टर उठले. मी दारात उभी होते. ते म्हणाले, "बाई, उशीर होतोय ना?" बस, एवढंच.

मी मनात म्हटलं, संध्याकाळी बोलतील. मंडपात सगळे असतील, शेटजीही आहेत. एक वाक्य पुरे आहे: माझं चुकलं, धुराडी बांधा. मी एवढी मूर्ख की ते बोलतील याची मला जवळजवळ खात्रीच होती.

ते बोलायला उभे राहिले. तेच भाषण. यंत्र, उभी रेघ, आडवी रेघ, किनारी फुफ्फुस, देशोदेशीचे विद्वान. शब्दाला शब्द. मग भाषणाचा मध्य आला, गुरव आले, शंखाची फुंक आली, कोट भिजला. लोक आधीच हसायला तयार होऊन बसले. डॉक्टर थांबले. पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. पार्वतीचं वाक्य त्यांनी गाळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणजे त्यांना पुरतं कळलं होतं. चूक कळल्यावर त्यांनी निबंध नाही बदलला, विनोद बदलला.

मी आभार मानायला उठले. अध्यक्ष, शेटजी, मंडपवाले, सगळ्यांची नावं घेतली. मग म्हटलं, "डॉक्टरसाहेब आज एक गोष्ट सांगायची विसरले. ती पार्वतीने सांगितली होती. ती म्हणाली, गुरव शंख फुंकतो, आम्ही चूल फुंकतो. चूल तशी फुंकली तर राख डोळ्यांत जाते. म्हणून आमच्या बायका हळू फुंकतात. आजारी असलेल्याही हळू फुंकतात आणि निरोगी असलेल्याही. डॉक्टरसाहेबांनी तेवढंच मोजलं. धुराने काय होतं ते अजून कुणी मोजलेलंच नाही."

सगळा मंडप खदखदून हसला. लोकांना वाटलं, बाईंनी विसरलेला विनोद आठवण करून दिला. शेटजींनी तर मांडीवर थाप मारली. मी व्यासपीठाकडे वळून पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, तोंड पांढरं पडलेलं. मग त्यांनी हसणाऱ्या मंडपाकडे पाहिलं आणि तेही हसले. मान डावीकडे कलती झाली. उजव्या भुवईत दुपारची राख अजून होती.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

त्या संध्याकाळी मंडपात मागे बसलेल्या बायकांमध्ये मात्र कुणी हसत नव्हतं. सुमन तिथे होती आणि तिला पुन्हा ढास लागली होती. राष्ट्रगीतासाठी माझ्या वर्गातल्या मुली रांगेत उभ्या होत्या, माझ्या खुणेची वाट बघत. सुमनचा खोकला थांबेपर्यंत थांबावं म्हणून मी हात वर धरून ठेवला. तो थांबेना. लोक चुळबुळायला लागले, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. शेवटी मी हात खाली केला, आणि राष्ट्रगीत त्या खोकल्यासकट सुरू झालं.